कमरेइतकं पाणी

२ फेब्रुवारी

दातांचा दवाखाना बंद करून खासदार झाले त्याला वर्ष होत आलं, पण खरी गंमत आजपासून सुरू झाली. इतकी वर्षं लोक माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसायचे आणि बोलायचे मी एकटी. आता खुर्चीत मी बसते, बोलतात लोक, आणि तोंड उघडं राहतं ते माझं.

झालंय असं की केंद्र सरकारने प्रत्येक खासदाराला विचारलंय, तुमच्या भागातली कुठली कामं आमच्या पैशातून करायची ते कळवा. सुचवायची फक्त दहा. आणि मागण्या आल्यात त्या नुसत्या टेबलावर मावेनात म्हणून खिडकीत रचून ठेवल्यात. काम सगळ्यांच्या उपयोगाचं हवं, त्याला लोकांचा पाठिंबा हवा, यादी कुणालाही वाचता यायला हवी, आणि मी सही करून द्यायची की ह्यात मला किंवा माझ्या घरच्यांना पैशाचा फायदा नाही. हे सगळं मला कचेरीतल्या पोरीने समजावलं. तिला नियमावली तोंडपाठ आहे, म्हणून मी तिला कलमताई म्हणते. माझ्या मुलीच्या वयाची आहे आणि मला तिचा चांगलाच धाक वाटतो.

जेवताना घरात जाहीर करून टाकलं. म्हटलं, "नियम पैशापुरता असेल. माझा त्याहून कडक आहे. ज्या कामात आपल्या घरातल्या कुणाचं नुसतं बोट दिसेल, ते काम यादीतून बाद."

नवरा म्हणाला, "आणि अख्खा हात दिसला तर?" निवृत्त झाल्यापासून तो जरा जास्तच विनोदी झालाय.

सासूबाईंना मात्र जोराचा ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवला. ह्या वयात घास सावकाश खायला हवा.

६ फेब्रुवारी

कामं निवडायची माझी पद्धत ठरली. दुखरा दात कुठला हे रुग्णाला विचारून कधीच नीट कळत नाही. तो भलत्याच दाताकडे बोट दाखवतो. एकेक दात ठोकून बघावा लागतो. तसं मी प्रत्येक जागी न सांगता जाणार, आणि तिथे खरी वर्दळ असते त्या वेळी जाणार.

आज अग्निशमन केंद्र ठोकलं. त्यांना नवा बंब मिळालाय, पण तो दारापेक्षा उंच निघाला. म्हणून बिचारा ताडपत्री पांघरून बाहेर उभा. मी प्रमुखांना विचारलं, काहीच उपाय नाही का? ते म्हणाले, "आहे की बाई. चाकातली हवा सोडली की जातो आत. पण मग कुठे आग लागली की आधी हवा भरत बसावं लागतं."

यादीत पहिलं नाव त्यांचं. हसून हसून माझा जबडा दुखला, आणि जबड्याचं मला कळतं.

१० फेब्रुवारी

नगरपालिकेचा अभियंता येऊन गेला. तरुण आहे, उत्साहाने नुसता फसफसतो. त्याला जुना पोहण्याचा तलाव दुरुस्त करायचाय. तलावाच्या भिंतीला चारी बाजूंनी चीर गेली आहे, त्यामुळे कितीही पाणी भरलं तरी ते कमरेच्या वर टिकतच नाही. सगळी पोहणारी मुलं कंटाळून निघून गेली. "आता कोण येतं मग?" मी विचारलं. "कोणी नाही हो, चार म्हाताऱ्या येतात आणि पाण्यात फेऱ्या मारतात," तो म्हणाला आणि लगेच नकाशा उलगडला.

काय सुरेख नकाशा! पुरुषभर खोल निळं पाणी, उडी मारायचे उंच फलक, स्पर्धा बघायला चढत्या बाकांच्या रांगा. मी भाळलेच. यादीत दुसरा नंबर. पुढच्या आठवड्यात जाऊन ठोकून येईन, पण हे प्रकरण मला आत्ताच पक्कं वाटतंय.

१५ फेब्रुवारी

आज सासूबाई कठड्याला न धरता जिना चढून आल्या! मी बघतच राहिले. सासरे गेल्यापासून ह्या बाई खिडकीपाशी बसून असायच्या. गुडघे धरलेले, बोलणं तुटक. हाक मारली तर मान वळवायलासुद्धा त्रास. दोन वर्षं हे असं चाललं होतं, आणि मला मनातून भीती वाटायची की एक दिवस त्या खुर्चीतून उठायच्याच नाहीत. आणि आता ह्या चढून येतात, वर विचारतात, "चहा टाकू का गं?"

मी त्यांना नवी उंच पाठीची खुर्ची आणली, तिचाच हा गुण. नवऱ्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "हो ना, खुर्चीत जादूच आहे," आणि वर्तमानपत्रामागे गेला. पेपर बराच वेळ थरथरत होता. ह्याला ताप तर नाही?

२१ फेब्रुवारी

सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय. म्हणजे बिनसलं नाही, जुळलंय. पण काय?

रोज सकाळी मी कचेरीत गेले की त्या "मैत्रिणीकडे" जातात. नवरा नेऊन सोडतो. आज मी विसरलेला चष्मा घ्यायला अचानक परत आले, तर बाईसाहेबांचे केस ओले. म्हटलं, "आत्ता न्हालात?" तर "हो, तिच्याकडे न्हाले." दुसऱ्याच्या घरी जाऊन कोण न्हातं? अंगाला औषधासारखा उग्र वास होता. कुठल्या दवाखान्यात तर जात नाहीत ना लपूनछपून? पण गाल तर टोमॅटोसारखे. आजारी माणूस गुणगुणत नाही. ह्या गुणगुणत होत्या.

आणि गच्चीवर एक घट्ट, काळा, लांब बाह्यांचा कपडा वाळत होता. शेजारच्या मुलीचा वाऱ्याने उडून आला असणार. नेऊन दिला, तर ती म्हणाली आमचा नाही. परत आणला.

२५ फेब्रुवारी

कळलं! अखेर कळलं! माझ्या नजरेतून कधी काही सुटलंय?

सासूबाई फोनवर हळू आवाजात बोलत होत्या. मी मुद्दाम नाही ऐकलं, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि मी दारामागे होते. त्या म्हणाल्या, "नाही हो, तिला अजिबात कळू द्यायचं नाही. सुनेला कळलं तर सगळं बंद पडेल आपलं. उद्या येते ना. तुम्ही आहात म्हणून तर मी उभी आहे."

सत्त्याहत्तराव्या वर्षी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कुणीतरी सोबती भेटलाय त्यांना. आणि मी आड येईन अशी भीती वाटते? मी? मी काय एवढी जुनाट आहे?

२८ फेब्रुवारी

जेवताना मी तलावाचा नकाशा टेबलावर पसरला. सासूबाईंनी चष्मा लावला, पुन्हा काढला.

"एवढं खोल?" त्या म्हणाल्या.

"आई, स्पर्धा व्हायच्यात तिथे."

"आणि उथळ भाग कुठे आहे?"

"नाहीच. सगळा एकसारखा खोल."

"खोल पाणी कशाला हवंय माणसाला? बुडायला?" असं म्हणून ताट सारून त्या उठल्या. जाताना जिन्याचा कठडा धरला.

त्यांना पाण्याची भीती वाटत असावी. शिवाय हल्ली मन थाऱ्यावर नाही, दुसरं काय. मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या आईचं काहीतरी चाललंय. माझं लक्ष आहे." तो म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी विचारलं, ह्याचा इथे काय संबंध? तर म्हणे, सहज आठवलं.

४ मार्च

आज धीर करून सासूबाईंशी बोलले. दोन दिवस त्या बाहेर गेल्या नव्हत्या, पुन्हा खिडकीपाशी बसल्या होत्या. मला ते बघवेना. संभाषण जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण माझा स्वतःवर विश्वास बसत नाहीये.

मी म्हटलं, "आई, मला सगळं कळलंय. माझी काही हरकत नाही."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "खरंच? आणि तू काढून नाही ना टाकणार?"

"घरातून? छे, काय बोलता! उलट मला आनंदच आहे. ह्या वयात अशी सोबत मिळायला भाग्य लागतं."

"तेच तर! सगळे इतके चांगले आहेत गं."

"सगळे?"

"आम्ही सगळे एकदमच असतो ना सकाळी. मी मधे, दोघे दोन्ही बाजूंनी हात धरतात."

मला खुर्ची लागली. त्या उठल्या, आणि मी त्यांच्याच जादूच्या खुर्चीत बसले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग हळूच विचारलं, "तुला नक्की काय कळलंय?" मी खुर्चीचे हात धरून बसले. त्या म्हणाल्या, "बरं, राहू दे," आणि चहा टाकायला गेल्या.

मी मोकळ्या मनाची आहे. पण एवढ्याही मोकळ्या मनाची आहे का, ते बघावं लागेल.

११ मार्च

आज जे झालं ते सगळ्या शहराला कळलंच आहे, तेव्हा वहीपासून लपवण्यात अर्थ नाही.

तलाव ठोकायचा राहिला होता. पहाऱ्यावरच्या माणसाकडून कळलं की वर्दळ असते ती सकाळी. म्हणून कचेरीत न जाता सरळ तिथे गेले. आत गेले आणि दारातच थांबले. अभियंता म्हणाला होता चार म्हाताऱ्या. ही तर जत्रा होती! पाणी माणसांनी भरलेलं. आज्या, आजोबा, हात प्लास्टरमधून नुकताच सुटलेला एक ट्रकवाला, पोट पुढे आलेली एक गरोदर बाई. सगळे एकमेकांचे हात धरून गोल चालत होते आणि एक आजोबा तालावर मोजत होते. हसणं तर इतकं, की मला घरच्या लग्नात आल्यासारखं वाटलं.

आणि मधोमध, काळा लांब बाह्यांचा कपडा घालून, दोन्ही बाजूंनी हात धरलेल्या, मोठ्याने गात असलेल्या माझ्या सासूबाई!

त्यांनी मला पाहिलं. गाणं थांबलं. आणि दुसऱ्या क्षणी बाई पाण्याखाली गेल्या.

मला एवढंच दिसलं की सासूबाई बुडाल्या. मी पर्स फेकली, ओरडले, "धरा त्यांना!" आणि बुटांसकट उडी मारली. उडी मारली आणि उभी राहिले. पाणी कमरेइतकं. समोर सासूबाई वर आल्या, नाकातोंडातून पाणी उडवत, आणि सगळा तलाव टाळ्या वाजवायला लागला. टाळ्या मला नव्हत्या. डोकं पाण्याखाली घालायची त्यांना इतके दिवस भीती वाटत होती, आणि आज सुनेपासून लपायला म्हणून त्यांनी पहिल्यांदा बुडी मारली होती.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही पोहता?"

"नाही गं. चालते. जमिनीवर गुडघे माझं ऐकत नाहीत, इथे ऐकतात." मग माझे ओले कपडे बघून त्या हसायला लागल्या, मीही लागले, आणि दोघींना थांबताच येईना. सुटकेने हसत होते मी. वर सोबत्याचाही उलगडा झाला तो वेगळाच. फोनवर होते ते हे मोजणारे आजोबा. ते कुणाचे सोबती नाहीत, मोजायचं काम त्यांच्याकडे आहे, एवढंच.

घरी नवरा टॉवेल घेऊन दारातच उभा. इतके दिवस हाच सारथी होता! म्हणतो, "सासू-सुना एकमेकींना पाण्यात पाहतात असं ऐकलं होतं. तुम्ही ते करूनच दाखवलंत." आज त्याला माफ.

१२ मार्च

हसू ओसरलं आणि आता डोकं खातंय.

मीच म्हटलं होतं, घरच्यांचं बोट दिसलं की बाद. बोट कसलं, इथे सासूबाई अख्ख्या उभ्या आहेत, कमरेपर्यंत पाण्यात. म्हणूनच त्यांनी लपवलं. आणि नकाशा बदला असंही म्हणता येईना, म्हणून बिचाऱ्या ताट सारून उठल्या.

तलाव यादीतून काढला, तर पुढच्या वर्षी भिंत पूर्णच जाईल आणि तलाव बंद होईल. नकाशा आहे तसा पाठवला, तर पुरुषभर खोल पाण्यात ह्यातलं एकही माणूस उतरू शकणार नाही. दोन्हीकडून सासूबाई परत खिडकीपाशी. आणि नकाशा बदलून घेतला, तर लोक म्हणणार, खासदारबाईंनी सासूसाठी तलाव बांधून घेतला. खरंच, मला तो त्या सगळ्यांसाठी हवाय की सासूबाईंसाठी? प्रामाणिकपणे सांगायचं तर सासूबाईंसाठी. बाकीचे नंतर आठवतात.

कलमताईला विचारलं. ती म्हणाली, "नियम पैशाच्या फायद्याचा आहे, मॅडम. पाण्यात चालायचे सासूबाईंना पैसे मिळतात का?"

"नाही."

"मग नियमात बसतं. तुमच्या मनात बसत नसेल तर तुम्ही बाजूला व्हा. तलावापुरतं लोकांना ठरवू द्या, खुल्या सभेत. आणि नातं लिहून टाका, ठळक."

मी ह्या पोरीला उगीच नाही घाबरत.

१८ मार्च

सभा झाली. तलावाचा निर्णय द्यायला कलमताईने आधीच पाच नागरिक नेमले होते. कुणी बेकरीवाले, कुणी मुख्याध्यापिका, माझ्या ओळखीतलं एकही नाही. (माझ्या ओळखीचा नाही असा माणूस तिने ह्या शहरात कुठून शोधला? अर्ध्या शहराचे दात मी काढलेत.) बाकीची नऊ कामं मी मांडली. तलावाची पाळी आली तशी व्यासपीठावरून उतरले आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. निवडणुकीच्या निकालालासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

अभियंत्याने नकाशा दाखवला. सभागृहात "वा" उमटलं. आणि मग सासूबाई उठल्या. घरात चार माणसं जमली तरी आत जाऊन बसणारी ही बाई, माईक हातात घेऊन म्हणाली,

"मी खासदारबाईंची सासू. तेव्हा माझं मत धरू नका. पण नकाशा काढताना ह्या मुलाने पाण्यात आत्ता कोण आहे ते पाहिलं नाही, एवढं सांगते. आम्ही आहोत. उठा गं सगळे."

आणि उठले! आज्या, आजोबा, ट्रकवाला, ती गरोदर बाई. उठून नुसते उभे राहिले. मोजणाऱ्या आजोबांनी सवयीने "एक, दोन" सुरू केलं, आणि सगळी सभा हसली.

मला वाटलं आता तरुण मंडळी भांडणार. पोहण्याच्या शिक्षिका उठल्या. खांदे असे की दार उघडायला हात लागू नये. म्हणाल्या, "आम्हाला लांबी लागते हो, रुंदी कुठे लागते? मधे भिंत घाला. अर्ध्यात आम्ही खोल पोहू, अर्ध्यात ह्यांना कमरेइतकं राहू दे. पाणी तेवढं कोमट ठेवा त्यांचं." अभियंत्याने नकाशा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिथल्या तिथे रेघा मारायला सुरुवात केली. मला तो मुलगा आवडतो.

पाच जणांनी ठरवलं ते ऐकायला मी थांबले नाही. बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. नवरा आला आणि शेजारी बसला. मग म्हणाला, "पाचही." मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

२३ मार्च

यादी राजधानीला गेली आणि सगळ्यांना वाचायला टांगली. पहिला नंबर बंबाचं दार. तलावाच्या पुढे कलमताईने सरकारी भाषेत एक ओळ घातली आहे: "खासदारांच्या सासूबाई सदर तलावात नियमितपणे चालतात." मी म्हटलं, हे वाचून राजधानीत हसतील. ती म्हणाली, "हसले तर लक्षात राहील."

आता नुसती वाट बघायची. दहांतली किती पदरात पडतील कोण जाणे. मागणी म्हणजे मंजुरी नव्हे.

१४ ऑक्टोबर

मंजूर! बंबाचं दार मंजूर, तलाव मंजूर, आणखी चार कामं मंजूर. उरलेली चार गेली. ज्यांची गेली त्यांच्याकडे मी आज स्वतः जाऊन आले, आणि एकाने दारसुद्धा नीट उघडलं नाही. बरोबर आहे त्यांचं. पुढच्या वर्षी पुन्हा मागू.

अग्निशमनवाल्यांनी बातमी कळताच भोंगा वाजवला आणि अर्धं शहर घाबरून बाहेर आलं.

३ नोव्हेंबर

तलावाचा आज शेवटचा दिवस. उद्यापासून पाणी सोडून देणार आणि काम सुरू. सगळे आले होते. गरोदर बाई आता तिचं बाळ घेऊन आली होती, आणि ते हातोहात फिरत होतं. मीही पाण्यात उतरले, ह्या वेळी बुटांशिवाय. सासूबाईंनी एका बाजूने माझा हात धरला. मला वाटत होतं मी त्यांना सांभाळतेय, पण चालायला लागल्यावर कळलं, घसरत मी होते.

मनात मात्र एक काटा होता. काम व्हायला दोन वर्षं लागणार, कदाचित अडीच. अभियंत्याने हे मला कालच सांगितलं होतं, आणि सासूबाईंना कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं. त्या वयात दोन वर्षं म्हणजे काय, हे कुणी बोलून दाखवायची गरज नाही. शेवटी पाण्यातच सांगून टाकलं. त्यांनी नुसती मान हलवली, "हं" म्हणाल्या, आणि पायऱ्यांकडे निघाल्या.

काठावर अभियंता नवा नकाशा घेऊन सगळ्यांना दाखवत होता. त्या अंगावर टॉवेल ओढून त्याच्यापाशी गेल्या. मी मागोमाग.

"ही पाण्यात उतरायची उतरण ना? कठडा एकाच बाजूला दाखवलायस."

"हो आजी. एक पुरतो. नियमात एकच आहे."

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तुझा तलाव उघडेल तेव्हा मी ऐंशीची असेन. तोवर चालेल एक. पण पुढे पंच्याऐंशीची होईन, तेव्हा मला दोन्ही हात टेकायला लागतील. दुसऱ्या बाजूलाही काढ."

मला रडू आवरेना. अभियंत्याने खिशातून पेन्सिल काढली, नकाशा गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या बाजूला रेघ ओढली.